शिधा पोचला, आता चुलीपाशी दहा मिनिटं बसा

पुण्यातली गणेशोत्सव मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि एकट्या वृद्धांच्या घरी दरमहा शिधा पोचवणारे ट्रस्ट, या सर्वांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आहारतज्ज्ञ आहे. नोकरीची सगळी वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात गेली. निवृत्तीनंतर तुमच्यासारख्याच एका मंडळाबरोबर शिध्याच्या पिशव्या भरते आणि त्या घेऊन पेठांमधले लाकडी जिने चढते. त्यामुळे तुमचे कष्ट मला ठाऊक आहेत. लॉकडाउनमध्ये जनता वसाहतीच्या चढावर खांद्यावरून तांदळाचे कट्टे नेणारी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांकडून राहून गेली आहे, माझ्याकडून तर आधी, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मागच्या फेब्रुवारीत गंज पेठेतल्या एका खोलीत पिशवी ठेवायला गेले होते. आजींचं वय ऐंशीच्या आसपास, घरात दुसरं कुणी नाही. म्हणाल्या, "बाई, तेवढा वरच्या फळीवरचा डबा काढून देता का? माझा हात पोचत नाही." डबा खाली घेतला तर जड लागला. आत आमच्याच मंडळाचं नाव छापलेल्या पिशव्या होत्या. गणपतीतली चवळी, दिवाळीतला राजमा, संक्रांतीचा हरभरा, सगळं न फोडलेलं. राजम्यात पोरकिडे झाले होते. मी काही विचारायच्या आधीच आजी ओशाळून म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या मायेनं आणता, नको कसं म्हणू? पण हे मला चावत नाही. शिजवायला गॅस किती जातो. आणि हरभरा वातूळ, रात्रभर पोट धरून बसावं लागतं."

मग मी त्यांना विचारलं, की दिवसभरात काय खाता? सकाळी चहा-खारी. दुपारी भात, त्यावर लोणच्याचा खार. रात्री चहात मोडलेली चपाती, तीही शेजारणीनं दिली तर.

तीन वर्षं त्यांचं नाव आमच्या यादीत होतं. तीन वर्षं नावापुढे दरमहा 'पोचले' अशी खूण होत होती. आणि त्या चहा-खारीवर दिवस काढत होत्या.

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी डबे उघडून बघायला लागले. अर्थात परवानगी मागून. कासेवाडीत, दांडेकर पुलाजवळ, ताडीवाला रस्त्यावर, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. तांदूळ, साखर आणि चहाची पूड संपते. तेल मुलीच्या घरी जातं. कडधान्य पडून राहतं. ज्या जिनसांमध्ये बळ आहे नेमक्या त्याच पोटात जात नाहीत.

आपल्या पिशवीचा हिशेब मी एकदा वहीवर मांडला. मंडळी, तुम्हीही मांडून बघा. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम गहू-तांदूळ, आणि त्यातून फार तर १५-१६ ग्रॅम प्रथिनं. आपल्या पिशवीत तूरडाळ अर्धा किलो, म्हणजे दिवसाला १६-१७ ग्रॅम डाळ आणि तिच्यातून जेमतेम चार ग्रॅम प्रथिनं. सगळं मिळून वीस. ४५ किलो वजनाच्या म्हातारीला किती हवीत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मापानं सदतीस-अडतीस ग्रॅम, आणि वृद्धापकाळाचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम सांगतात. आपण निम्म्यावर आहोत, आणि तेही सगळं शिजवून खाल्लं असं धरून. मिठाचं उलट. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे, त्यापेक्षा कमीच असावं. म्हणजे एका माणसाला महिन्याला १५० ग्रॅम. आपण किलोची पुडी देतो. साखरही किलोभर. महिन्यात संपली तर दिवसाला ३३ ग्रॅम होते, आणि आपल्या यादीतल्या कितीतरी जणांना मधुमेह आहे.

प्रथिनं कमी पडली की होतं काय, हे मी रुग्णालयात रोज पाहत आले. म्हातारपणी स्नायू आपसूकच झडत असतात. खाणं तोकडं पडलं की ते झडणं वाढतं. आधी बांगड्या मनगटावरून निसटायला लागतात, ब्लाउज सैल होतो. मग जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. मग एका रात्री मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि माणूस परत पहिल्यासारखं चालत नाही. बांगड्या सैल झाल्या होत्या तेव्हाच कुणी तरी विचारायला हवं होतं. ते विचारू शकणारी माणसं म्हणजे तुम्ही. महिन्यातून एकदा त्या दारात हमखास कोण येतं? डॉक्टर नाही, मुलगा बहुधा नाही. तुमच्या मंडळाचा पोरगा येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पिशवी ठेवून लगेच वळू नका. दहा मिनिटं बसा. आणि महिन्यातून एकदा, मंडळाच्या खोलीत किंवा विरंगुळा केंद्रात, त्याच पिशवीतल्या जिनसा सगळ्यांसमोर शिजवून दाखवा.

शिजवून दाखवा हे मी मुद्दाम म्हणते. पहिल्या वर्षी मी व्याख्यान दिलं होतं. तक्ता लावला, प्रथिनं, तंतुमय पदार्थ, जीवनसत्त्वं, सगळं समजावलं. चौदा आज्या नि तीन आजोबा शांतपणे ऐकत होते. शेवटी एक आजी म्हणाल्या, "ते सगळं खरं बाई, पण माझी डाळ शिजतच नाही, त्याचं काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. कुकरची रिंग कडक होऊन चिरली होती, वाफ कडेनं निघून जात होती, शिट्टीच होत नव्हती. नवी रिंग आणून बसवली आणि त्या संध्याकाळी त्यांनी कित्येक महिन्यांनी घट्ट वरण खाल्लं. तेव्हापासून मी घरोघरी कुकरच्या रिंगेचं माप लिहून ठेवते. ज्यांच्या मनगटात झाकण उघडायचं बळ उरलेलं नाही त्यांच्यासाठी कुकर सोडून दुसरा मार्ग शोधते. मुगाची डाळ दोन तास भिजवून साध्या पातेल्यात एक उकळी आणायची, झाकण ठेवून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळायचं. बरीचशी आतल्या आत शिजते, वर थोडीच आच लागते. गॅस वाचतो हे दिसलं की आजी डाळीला हात लावतात. गॅसची चिंता त्यांच्या जेवणावर किती बसलेली असते हे सिलिंडर दारात येणाऱ्या घरातून आपल्याला कळत नाही.

आणि गॅस अजिबात न लागणारे पदार्थ आपल्याकडे थोडे आहेत का? पंढरपुरी डाळं घ्या. ते भाजलेलंच असतं. त्याचं पीठ करून ताकात कालवलं, किंचित जिरं घातलं की दात नसलेल्या तोंडालाही जातं. सातूचं पीठ आहे. मेतकूट आहे, मऊ भातावर घातलं तर तेवढीच डाळ पोटात जाते. दाण्याचं बारीक कूट आहे. थोडा गॅस चालणार असेल तर दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ खमंग भाजून गिरणीवर भरड काढून आणली तर पाच-सात मिनिटांत पेज होते. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी ते डाळीत असतं, डाळीच्या प्रथिनांत जे कमी ते तांदळात. ही भरड मंडळानंच एकगठ्ठा दळून आणून किलो-किलोच्या पिशव्या केल्या तर राजम्याच्या पैशात कितीतरी जणांची सोय होईल. नाचणीत हाडांसाठी कॅल्शियम भरपूर, तिचं आंबील करा. अंडं खाणाऱ्यांना अंडी द्या. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते उकडून कुस्करलं की चावायची गरजच नाही. काही ट्रस्टना अंडी वाटणं पटत नाही हे मी जाणते. देणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखावा, पण घेणाऱ्याला निदान विचारावं तरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं शिकवताना एक ध्यानात ठेवा. त्या आज्यांना स्वयंपाक येतो, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येतो. हुलग्याचं माडगं, जोंधळ्याच्या कण्या, उकडपेंडी ही नावं मी काढते आणि समोरून दुरुस्त्या यायला लागतात: "अगं बाई, माडग्याला आधी हुलगे भाजून घ्यायचे." मग मी पळी त्यांच्याच हातात देते. लोहियानगरच्या एका आजींनी माडगं केलं त्या दिवशी एरवी भिंतीला टेकून गप्प बसणाऱ्या बायकाही बोलायला लागल्या. विसरलेलं आठवून देणं आणि आताच्या शरीराला ते कसं बसवायचं एवढं सांगणं, आपलं काम इतकंच आहे.

बोलायची भाषाही बदलावी लागते. 'प्रथिनं वाढवा' म्हटलं की माना डोलतात. 'कुणाचा हात न धरता संडासला जाता यावं म्हणून रोज ही वाटीभर डाळ' म्हटलं की वाटी रिकामी होते. कुणावर ओझं व्हायचं नाही, हीच त्यांच्या मनातली सर्वांत मोठी इच्छा असते. पिशवीबरोबर स्टीलची एक वाटी द्या. ग्रॅम कुणी मोजत नाही, वाटी सगळ्यांना कळते.

मिठाबद्दल 'बंद करा' म्हणू नका. वयानं चव कमी लागते, म्हणून वरून मीठ घेतलं जातं, म्हणून लोणचं-पापड लागतो. लिंबू, कोथिंबीर, जिरेपूड, कढीपत्ता यांनी तोंडाला चव आणून द्या, मग मीठ आपोआप उतरतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र परस्पर वाटू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला ते धोक्याचं ठरू शकतं. अशा रुग्णांची डाळ, भाजीही डॉक्टरांनी ठरवून दिलेली असते. तिथे आपला सल्ला नको, डॉक्टरांचा कागद बघायचा.

पाण्याचंही तसंच. भरपूर पाणी प्या, असं आपण सहज म्हणून जातो. एका आजोबांनी मला सांगितलं, "बाई, संडास गल्लीच्या टोकाला आहे. रात्री दोन वेळा उठून तिथवर कोण जाणार?" म्हणून दुपारनंतर ते घोट-घोटच पितात. म्हातारपणी तहानही कमी लागते, त्यात पुण्याचा एप्रिल. आम्ही ठरवलं, की दिवसभराचं बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत, त्यात एक ताक आणि एक पेज. एवढं त्यांनी पाळलं.

उपवासाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरली तर काही आज्या महिन्यातले सात-आठ दिवस साबुदाण्यावर नाहीतर नुसत्या चहावर असतात, आणि मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतात. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस कोसळतो. उपवास सोडा असं मी कधीही सांगत नाही. त्या श्रद्धेवरच पुष्कळांचे दिवस निभतात. गोळीचं डॉक्टरांना विचारा एवढं सांगते, आणि पिशवीत साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याचं पीठ, वरई नि दाणे ठेवते. राजगिऱ्याची लापशी दह्याबरोबर खाल्लेल्या आजी एकादशीला संध्याकाळी कीर्तनाला जाऊन आल्या, हे मी पाहिलं आहे.

हात-पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, ही गाऱ्हाणी सारखी ऐकू आली तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. शाकाहारी माणसांत ती फार आढळते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आणखी वाढते. अशांना रक्त तपासायला पाठवा, जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात न्या. रेशनवर पोषणयुक्त तांदूळ यायला लागला तेव्हा कित्येक घरांत सुपात बसून त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून वेचून टाकले जात होते. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं. शंभर दाण्यांमागे एक. ज्याची गरज तेच कचऱ्यात जात होतं, कारण दुकानाच्या ओट्यावर दोन वाक्यं सांगायला कुणी नव्हतं. मी एका वाटीत ते दाणे घेऊन सगळ्यांसमोर शिजवले, खाल्ले. त्यानंतर त्या गल्लीत वेचणं थांबलं.

पुरुषांचं वेगळं सांगायला हवं. बायको गेल्यावर एकटे राहिलेले आजोबा, मग ते रामटेकडीचे असोत की कोथरूडचे, उपाशी राहतात कारण त्यांना चहापलीकडे काही येत नाही. कोथरूडच्या आजोबांकडे पेन्शन आहे, मुलगा परदेशात आहे, डबा लावलेला आहे. पण डब्यातली पोळी दुपारपर्यंत चामट होते नि कवळीला दाद देत नाही. त्यांना शिध्याची गरज नाही, शिकवणीची आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुगाची मऊ खिचडी शिकलेले एक गृहस्थ आता आमच्या वर्गात कांदा चिरायला येतात.

सरकारकडूनही पुष्कळ होणं बाकी आहे, ते मी जाणून आहे. सप्टेंबरात पोषण माह साजरा होतो, त्याचा भर आया आणि बाळांवर असतो. ते योग्यच आहे, पण म्हाताऱ्यांचा उल्लेख क्वचितच. शिवभोजन थाळी २०२० साली सुरू झाली तेव्हा १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात असा चांगला विचार होता, पण केंद्रापर्यंत चालत जाता आलं तरच ती थाळी मिळणार. अमेरिकेत साठीपुढच्या गरिबांना दरमहा अन्नाचं खोकं देणारी सरकारी योजना आहे, आणि खोक्याबरोबर आहाराचं शिक्षण द्यायचं हे तिच्या नियमातच आहे. आपल्याकडे असा नियम होईल तेव्हा होवो. तुम्हाला त्यासाठी थांबायची गरज नाही.

पुण्यानं हे आधीही करून दाखवलं आहे. गावाकडून शिकायला आलेल्या गरीब मुलांना इथल्या घरांनी वार लावून जेवू घातलं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' उभी केली आणि राबणाऱ्या माणसाला परवडेल अशी झुणका-भाकर दिली. तेच वार आता म्हाताऱ्यांसाठी लावता येणार नाहीत का? एका पेठेत किती मंडळं आहेत बघा. वर्षातले दहा दिवस सोडले तर त्यांच्या खोल्या बहुतेक वेळ बंद असतात. एकेका मंडळानं आठवड्याचा एक वार घेतला, दुपारी पंधरा माणसांचं मऊ, गरम जेवण तिथे रांधलं, रांधता रांधता दाखवलं, आणि सगळे पंगतीला बसले, तर 'एकटीसाठी काय कुकर लावायचा' हे वाक्य त्या दिवसापुरतं तरी ऐकू येणार नाही. दुसऱ्याबरोबर बसलं की घरी अर्धी पोळी खाणारं माणूस दीड पोळी खातं. आमच्या मंडळात दर बुधवारी अशी पंगत बसते, तिथे हे दर आठवड्याला दिसतं.

त्या गंज पेठेतल्या आजी बुधवारी येतात. जिना उतरायला मंडळाचा एक मुलगा जातो. त्यांचं वजन सहा महिन्यांत अडीच किलो वाढलं आणि फळीवरचा तो डबा आता खाली, हाताशी असतो. त्यात मूगडाळीची भरड असते.

गणपती आले की देणग्या येतील आणि तुम्ही पुढच्या वर्षाच्या शिध्याची यादी कराल. ती यादी करायच्या बैठकीला मला बोलवा. कुठल्याही पेठेत, कुठल्याही उपनगरात, संध्याकाळी कितीही वाजता येईन. येताना माझी वही आणीन. तिच्यात कुणाला कवळी आहे, कुणाला उपवास किती, कुणाला अंडं चालतं आणि कुणाच्या कुकरला कोणत्या मापाची रिंग लागते ते घरवार लिहिलेलं आहे. तशीच एक वही तुमच्या मंडळाची करायला दोन रविवार पुरतील.

आपली,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ
पुणे